वायफर

परंड्यात मोटारीचा वायपर पावसाने झिजून मरत नाही. तो उन्हाने मरतो, आणि मेल्याचे आपल्याला कळते ते चार-सहा महिन्यांनी, पहिल्या पावसात. हे ज्ञान आम्हांस फार उशिरा झाले. आम्ही दोघे पतिपत्नी, दोघेही मराठीचे एम. ए., दोघेही अध्यापक. गेली पंधरा-सोळा वर्षे बार्शीहून परंड्यास अप-डाउन करतो. आमच्यातली एक गाडी चालवते आणि दुसरा डावीकडे बसून रस्त्याविषयी मते मांडतो. आमची गाडी अकरा वर्षांची, पांढरी, चारचौघींसारखी. तेव्हा या लेखात जिच्या वायपरची हकीकत येणार आहे ती स्पोर्ट्‌स कार आमची नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. प्राध्यापकांच्या वेतनश्रेणीविषयी वाचकांचा भलता ग्रह नको.

ती गाडी आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची. २०१२ साली तो बारावी विज्ञानाला होता आणि त्या वर्गाच्या लेखी मराठीचा तास म्हणजे विश्रांतीचा तास. त्या वर्षी जानेवारीत दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात दिलीप छाब्रियांची ‘डीसी अवंती’ लोकांसमोर आली. भारतीय बनावटीची स्पोर्ट्‌स कार म्हणून वर्तमानपत्रांनी तिची छायाचित्रे छापली. त्यातले एक कात्रण या मुलाच्या वहीत सापडले, तेही निबंधाच्या कोऱ्या पानावर डिंकाने चिकटवलेले. आम्ही ती वही वर्गाला दाखवली आणि म्हणालो, “अरे, आधी तुझ्या गावाला एस. टी. नीट येऊ दे, मग ही आण.” वर्ग हसला. तोही हसला. तो हसला म्हणून आम्ही ते वाक्य विसरून गेलो.

मुलगा पुण्यास जाऊन अभियंता झाला, संगणकाच्या कंपनीत लागला आणि २०२४ च्या अखेरीस त्याने एक दोन दारांची, बुटकी, निळी जर्मन गाडी घेतली. अवंती नव्हे, दोन मालकांच्या हातून आलेली, नव्या साध्या मोटारीच्या किमतीत मिळालेली. कौतुकाने ती गावी आणली. गाव सीनेकाठचे. वस्तीकडे जाणाऱ्या शेवटच्या वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, तिथे गाडीचे पोट घासले ते घासलेच. मग कंपनीने त्याला तीन महिन्यांसाठी परदेशी धाडले आणि गाडी मार्च ते मे वस्तीवरच, कडब्याच्या गंजीशेजारी उभी राहिली. वडिलांनी तिच्यावर ताडपत्री घातली होती. पण ताडपत्री एक आणि झाकायच्या वस्तू दोन. निम्मी कडब्यावर, निम्मी गाडीवर. पुढची काच उघडी राहिली. यात कोणाचा दोष काढावा? ज्या मुलखाने २०१९ च्या उन्हाळ्यात जनावरे छावणीला बांधली, तिथे मोटारीआधी कडबा झाकला जाणारच.

वायपरच्या पात्याला खालून एक बारीक रबरी ओठ असतो. पाते एका दिशेने निघाले की तो ओठ मागे कलतो आणि पाण्याला पुढे ढकलतो. पाते उलटले की ओठही दुसऱ्या बाजूस कलायला हवा. सारी कसब या कूस बदलण्यात आहे. काचेला एकाच अंगाने चिकटून महिनोन्‌महिने उन्हात राहिलेले रबर कडक होते, तडकते आणि त्याच कुशीवर आखडते. मग एका दिशेने ते पुसते आणि परत येताना थरथरत, कडकडत, काचेवर रेघा ओढीत येते. सूर्याचे अतिनील किरण आणि हवेतला ओझोन ही दोन कारणे रबराच्या जाणकारांकडून ऐकायला मिळतात. परंड्यात तिसरे कारण धूळ. कोरड्या काचेवरची धूळ झटकायला आपण सरळ वायपर चालवतो. पाण्याची फवारणी करणारी टाकी गाडीत असते खरी, पण टँकरच्या दिवसांत ती भरणे ही चैन असते, आणि पुढे सवयीने राहूनच जाते. आमच्या महाविद्यालयाच्या मैदानात उन्हाळ्यात उभ्या असलेल्या मोटारी पाहा. निम्म्यांचे वायपर काचेपासून वर उचलून ठेवलेले असतात; उशिरा आलेली मुले तासाला हात वर करून उभी राहावीत तशा त्या दिसतात. रबर तापल्या काचेला चिकटू नये म्हणून हा उपाय. कोणी म्हणते त्याने स्प्रिंग सैल पडते. आम्ही दोन्ही मतांचा आदर करून काहीच करीत नसू.

२०२५ साली पाऊस मे महिन्यातच आला. जूनच्या आरंभी, प्रवेशाच्या धामधुमीत, तो मुलगा ती गाडी घेऊन महाविद्यालयात दाखल झाला. आम्हांस गाडी दाखवायची होती, पण त्याचा चेहरा पडलेला. वाटेत सर लागली, वायपर सुरू केला, चालकाच्या बाजूचे रबर सालीसारखे सुटून आले आणि उघड्या पट्टीने काचेवर एक कोयरीच्या पाठीसारखी वाक असलेली चरी कोरली. “सर, वायफर गेला,” तो म्हणाला. परंड्या-बार्शीकडे सगळे ‘वायफर’ म्हणतात. पुण्यात बारा वर्षे काढूनही त्याच्या तोंडचा फ गेला नव्हता, याचे आम्हांस बरे वाटले.

बाजारात स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराने टेप लावून पाती मोजली. उजवे मोठे, डावे आखूड. “लांबी मिळंल, पण गाडी तसली हाय,” तो म्हणाला, आणि त्याचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. जुन्या धर्तीच्या पात्याला वर लोखंडी कमान असते आणि तिचे पंजे रबराला सहा-आठ ठिकाणी दाबून धरतात. आमच्या गाडीला तसलेच. या निळ्या गाडीची काच मात्र मागे पार रेललेली, दोन्ही अंगांना वळलेली. अशा काचेला बिनकमानीचे पाते लागते. त्याच्या पोटात पोलादाची वाकवलेली पट्टी असते आणि ती सगळ्या लांबीभर सारखा दाब देते. शिवाय वेगात वारा पात्याला काचेवरून उचलू पाहतो, म्हणून पात्याच्या पाठीवर रबराचा कल्ला असतो. वाऱ्याचाच उपयोग करून तो पाते काचेवर दाबतो. परंडा-बार्शी रस्त्यावर हा वेग कोणी गाठायचा, हा प्रश्न आमच्यातल्या डावीकडच्याने विचारलाच.

दुकानात ‘सगळ्या गाड्यांना बसणारे’ असे एक बिनकमानीचे पाते होते. स्वस्त. ते घेतले, लावले, बाटलीने काचेवर पाणी ओतून पाहिले. दोन्ही टोके टेकली आणि नेमका मधला, डोळ्यांसमोरचा पट्टा ओला राहिला. आमचा अनुभव असा की सगळ्यांना बसणारी वस्तू कोणालाच बसत नाही. अभ्यासक्रमाची क्रमिक पुस्तके हाताळणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. मग त्याने पुण्याच्या मित्राकरवी योग्य पाती मागवली. त्यातही एक मेख होती. कल्ल्याचा कल चालक कोणत्या बाजूला बसतो त्यावर ठरतो. डाव्या सुकाणूच्या देशांसाठी केलेली पाती इकडच्या गाडीला लांबीने बसतात, पण वारा उलट्या अंगाने घेतात. पहिली आलेली जोडी अशीच परत पाठवावी लागली. दुसरी जोडी चौथ्या दिवशी आली.

बसवण्याचा समारंभ महाविद्यालयाच्या लिंबाखाली झाला. साध्या गाडीचा वायपर हाताने उचलता येतो. या गाडीचे वायपर थांबले की बॉनेटच्या कडेखाली दडून बसतात आणि तिथे बळजबरी केली तर रंग उडतो. म्हणून आधी गाडी सुरू करून बंद करायची आणि लगेच, काही क्षणांतच, वायपरची दांडी खाली दाबायची. मग दोन्ही हात काचेच्या मध्यापर्यंत वर येऊन आपणहून थांबतात. आमचा शिपाई हे पाहून म्हणाला, “जिवंत हाय की!” पाते काढण्याआधी त्या मुलाने काचेवर जाड टॉवेल अंथरला. का, तर पाते काढल्यावर उरणारा लोखंडी हात स्प्रिंगच्या जोराने निसटून काचेवर आदळला तर पंचवीस-तीस हजारांची काच तडकते. मग खुंटी दाबून जुने पाते सरकवून काढले, नवे ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत बसवले आणि आवाज आल्यावरही एकदा ओढून पाहिले. काच आधी साबणाने, मग नुसत्या पाण्याने पुसून घेतली. काचेवर तेलकट थर असला तर नवे रबरही फेसाटते. सगळे मिळून वीस मिनिटे. काचेवरची चरी मात्र राहिली. ती जाणारी नव्हती.

हात पुसता पुसता तो आमच्या गाडीकडे गेला, पाते उचलून त्याच्या ओठावरून बोट फिरवले आणि काळे पडलेले बोट आम्हांला दाखवले. “मॅडम, तुमचंबी गेलंय. टोकाला फाटलंय बघा.”

“बघू रे,” आम्ही म्हणालो. “परंड्यात पाऊस पडतो कुठे?”

इथे थोडे विषयांतर. वायपर ही वस्तू अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी शोधली. हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या असता त्यांनी पाहिले, की ट्रामच्या चालकाला बर्फात समोरचे दिसण्यासाठी काच उघडावी लागते आणि गारठ्यात बसावे लागते. आतून दांडी ओढून बाहेरचे पाते फिरवायची युक्ती त्यांनी काढली. १९०३ साली पेटंटही मिळाले. कोणी विकत घेतले नाही. १९०५ साली कॅनडातल्या एका कंपनीने त्यात व्यापारी मूल्य नाही असे कळवले आणि पुढे मोटारी घरोघर झाल्या तोवर पेटंटची मुदत संपली. दुसरे नाव रॉबर्ट कर्न्स यांचे. १९५३ साली लग्नाच्या रात्री शॅम्पेनच्या बाटलीचे बूच उडून त्यांचा एक डोळा अधू झाला. पुढे भुरभुर पावसात गाडी चालवताना त्यांना वाटले, की डोळ्याची पापणी सतत फडफडत नाही, लवते आणि थांबते. मग वायपरने का थांबू नये? थांबून थांबून चालणारा वायपर त्यांनी केला, मोटारकंपन्यांनी तो विचारल्यावाचून वापरला, आणि हा गृहस्थ वर्षानुवर्षे न्यायालयात भांडला. १९९० साली फोर्डने एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊन तडजोड केली. तोवर त्यांचा संसार मोडला होता.

मराठीत वायपरला शब्द नाही, पण तो ज्याच्यासाठी असतो त्याला शब्दच शब्द आहेत: वळीव, भुरभुर, रिमझिम, झड, संततधार. वायपरला फार तर तीन गती आणि कर्न्स यांची पापणी. आमच्या भागाला चौथी गती कधी लागेल असे वाटले नव्हते.

सप्टेंबर २०२५. पूर्वा संपून उत्तरा नक्षत्र लागले आणि पाऊस थांबेना. २१ तारखेस, रविवारी, सर्वपित्री अमावास्या होती. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. घट बसवायला म्हणून तो मुलगा पुण्याहून निघाला आणि रात्री नऊच्या सुमारास बार्शीत आमच्या दारात उभा राहिला. “सर, रस्ता दिसला सगळा. पार टोकापर्यंत पुसतंय,” हे त्याचे पहिले वाक्य. दुसरे वाक्य, की पुढे रस्त्यावर पाणी आहे, त्याच्या बुटक्या गाडीच्या इंजिनात ते शिरेल, आणि वडिलांचा फोन सायंकाळपासून लागत नाही.

रात्र बसून काढली. सकाळी आमची गाडी काढायची ठरली. ती निदान उंच. फाटकाबाहेर पडतो तोच सर आली, वायपर लावला आणि उजव्या पात्याचे रबर, जूनमध्ये टोकाला फाटलेले, निम्म्याहून अधिक लोंबू लागले. काच दुधासारखी. सणाचा दिवस, पावसाचा कहर. दुकान उघडे कुठून असणार? त्याच्या गाडीची नवी पाती आमच्या हुकाला बसणारी नव्हती. त्याने क्षणभर दोन्ही गाड्यांकडे पाहिले आणि आमच्या गाडीचे डावे पाते काढून उजव्या हाताला अडकवले. चार बोटे आखूड, पण धड. डाव्या उघड्या लोखंडाला त्याने आमचा सुती पंचा गुंडाळला आणि सुतळीने करकचून बांधला, नाहीतर आणखी एक चरी पडली असती. “मॅडमना दिसलं पाहिजे,” तो म्हणाला. “सर, तुम्ही नुसते बसा.”

तसे एकजण नुसता बसला. पंधरा वर्षांत प्रथमच रस्त्याविषयी त्याला मत नव्हते. समोर पंचा चिखलपाणी इकडून तिकडे सारीत होता आणि पलीकडे हिरवे-करडे काहीतरी सरकत होते. चालवणारीच्या वाट्याला सुपाएवढे एक वर्तुळ होते, त्यातून दिसेल तेवढा रस्ता. मुलगा मागून दोन आसनांच्या मधून मान काढून त्याच वर्तुळात डोळे घालून होता. एका ओढ्याच्या अलीकडे उघड्या अंगाचा एक माणूस सदरा फडकवीत उभा होता. तो त्या वर्तुळात अगदी शेवटी आला. ब्रेक लागला तेव्हा तो बॉनेटपासून हातभर अंतरावर होता, आणि त्याच्या मागे पुलाचे कठडे दिसत नव्हते. जूनमध्ये वीस मिनिटे आणि काही शे रुपये खर्चून आम्ही दोन पाती बदलली असती तर तो आम्हांला शंभर पावलांवरून दिसला असता. हे गणित आम्ही त्यानंतर किती वेळा केले याचा हिशेब नाही.

ओढा उतरेपर्यंत थांबलो. सुमारे दोन तास. मागे तो फोन लावत होता, तोच आवाज ऐकत होता, पुन्हा लावत होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, “सर, तुम्ही वर्गात म्हणला होता बघा, आधी गावाला एस. टी. येऊ दे.” आम्ही गप्प. “आज तीबी बंद हाय,” तो म्हणाला आणि हसला. बारावीत हसला होता तसाच. त्या हसण्याचा अर्थ लावायला आम्हांस तेरा वर्षे लागली, आणि आम्ही काव्यातली ध्वनितार्थाची प्रकरणे शिकवून पगार घेतो.

पुढचे बहुतेकांनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. सीना, चांदणी आणि ओढे एकाच वेळी फुगले, सीना-कोळेगाव धरणातून पाणी सुटले, परंडा तालुक्यातल्या गावांतून हेलिकॉप्टरने माणसे उचलावी लागली. परंड्याच्या किल्ल्याचा खंदक आम्ही मुलांना दाखवतो तेव्हा ‘इथे पाणी असायचे’ असे सांगतो. त्या आठवड्यात तालुकाच खंदक झाला होता. आम्ही परंड्यात पोचलो तेव्हा दुपार झाली होती. त्याचे आईवडील आदल्या रात्रीपासून पत्र्यावर बसून होते. त्यांना होडीतून काढून एका शाळेत आणले होते, हे तिथल्याच एका विद्यार्थ्याने सांगितले. शाळेच्या व्हरांड्यात आई भिंतीला टेकून बसली होती, अंगावर कोणाची तरी चादर. मुलाला पाहून ती रडली नाही. म्हणाली, “गाडी कुठं ठिवली रं? भिजली न्हाई न्हवं?”

वडील बोलत नव्हते. पाणी गोठ्यात आले तेव्हा पत्र्यावर चढण्याआधी त्यांनी विळ्याने सगळ्या जनावरांची दावी कापली होती. एक कालवड तिसऱ्या दिवशी दोन कोसांवर सापडली. दोन म्हशी आणि एक गाय सापडली नाही. कडब्याची गंजी ताडपत्रीसकट गेली. नदीकडची जमीन खरडून निघाली, खालचा मुरूम उघडा पडला. जिथे ऊस होता तिथे गोटे.

बार्शीला परतल्यावर आठ दिवस आमच्या गाडीला पाती मिळाली नाहीत. दुकानदार म्हणाला, एवढा माल एका आठवड्यात पूर्वी कधी खपला नव्हता. लोक पावसात येऊन दुकानासमोरच लावून घेत होते. शेवटी मिळाली ती जोडी आम्ही स्वतः बसवली, काचेवर टॉवेल अंथरून. ‘टक्’ आवाज आला तरी ओढून पाहिले. डावे पातेही आता नवे आहे. डावीकडच्याची मते मात्र पूर्वीसारखी परत आलेली नाहीत.

दिवाळीत तो मुलगा आला तो एस. टी.ने. गाडी विकली होती. म्हशी घ्यायच्या होत्या, आणि शेतात गाळाची माती आणून टाकायची तर ट्रॅक्टरच्या खेपांचा खर्च होता. मोबाइलवर त्याने आम्हांला निळ्या गाडीचे शेवटचे छायाचित्र दाखवले. काचेवरच्या चरीमुळे गिऱ्हाईक भाव पाडीत होता, त्यावर बरीच घासाघीस झाली. मग गिऱ्हाइकाने विचारले, वायपर नवे दिसतात, केव्हा बदलले?

“काय सांगितलंस?” आम्ही विचारले.

“जूनमध्ये,” तो म्हणाला. “परंड्याच्या कॉलेजात.”